पहिला अजगर निवडताना

माणसं निवडणं हे माझं काम आहे. दोह्यातल्या एका कंत्राटी कंपनीत मी एचआरमध्ये आहे. इमारतींच्या देखभालीला लागणारी माणसं, म्हणजे सफाईवाले, इलेक्ट्रिशियन, एसीवाले, मीच भरते. पंधरा मिनिटांत मला माणूस कळतो. जो फार प्रश्न विचारतो त्याला मी घेत नाही. खोलीत किती जण राहणार, सुट्टी कधी मिळणार, उन्हात काम किती तास, असं विचारणारा पुढे डोक्याला ताप होतो. मान खाली घालून 'येस मॅडम' म्हणणारा वर्षानुवर्षं टिकतो. या एवढ्या शहाणपणावर मला दोन बढत्या मिळाल्या आहेत. त्यामुळे मुलीसाठी अजगर निवडायची वेळ आली तेव्हा कुणाचा सल्ला घ्यावा असं मला वाटलंच नाही.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. नवऱ्याची कंत्राटं दोन-दोन वर्षांची, त्यामुळे पुणे, मस्कत आणि मग दोहा अशी तिसरी शाळा चालू होती. मस्कत सोडताना तिची मांजर आम्ही वॉचमनला देऊन आलो. ती रडली नाही, फक्त गाडीत बसल्यावर विचारलं की हे पुन्हा होणार का. तेव्हा आम्ही दोघांनी तिला शब्द दिला होता की नव्या घरात एक प्राणी तू निवडायचा, आम्ही मध्ये पडणार नाही, आणि तो कुणाला देऊन टाकणार नाही. नवऱ्याला वाटलं होतं ससा मागेल. तिने अजगर मागितला. नवरा सापाला इतका घाबरतो की टीव्हीवर साप आला तरी पाय वर घेतो, पण दिलेला शब्द मोडायची त्याची हिंमत झाली नाही. माझी झाली.

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे नागपंचमीला गारुडी दारोदार यायचे आणि सात वर्षांची असताना मी गळ्यात नाग घालून घेतला होता. गल्लीतल्या एकाही पोराने घेतला नव्हता. ही गोष्ट मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे की ऑफिसातल्या लोकांनाही पाठ आहे. तो नाग कसा गप्प पडून होता, किती गार होता, वाटीतलं दूध कसं मान वाकवून प्यायला, सगळं मी सांगते. एक मात्र सांगत नाही. त्याच्या ओठांच्या कडेला काळा दोरा दिसत होता. मी गारुड्याला विचारलं, हे काय. तो म्हणाला, "दागिना हाय त्यो, बाय." आणि दूध पिताना माझ्या आईला हसत म्हणाला, "आट दिस पाणी दावलं न्हाई, आता बगा कसा वडतोय." आई हसली, तशी मीही हसले. मला तेव्हा सगळं कळलं होतं की नाही ते माहीत नाही, पण ते वाक्य मी कधी विसरले नाही.

मुलीने चार महिने अभ्यास केला. एक वही केली. ती इंग्रजीत लिहिते, बोलतेही इंग्रजीतच, मी मराठीत विचारलं तरी. वहीत लिहिलं होतं की नवशिक्याने पिंजऱ्यात जन्मलेलं, लहानच राहणाऱ्या जातीचं पिल्लू घ्यावं. बॉल पायथन चांगला, कारण तो पुढे फार तर आपल्या हाताला गुंडाळता येईल एवढाच होतो. घेण्याआधी तो खाताना बघावा. डोळे स्वच्छ हवेत, नाकातोंडाशी बुडबुडे नकोत. हातात घेतल्यावर त्याने पकड घ्यावी, जीभ लपलपवत आजूबाजूला बघावं. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं होतं आणि समोर लिहिलं होतं की अगदी मलूल असेल तर घेऊ नये. मी वही चाळली आणि म्हटलं, पुस्तकं वाचून साप कळत असते तर गारुडी कॉलेजात गेले असते. तिने वही परत घेतली.

जूनमध्ये शाळा संपायच्या बेताला इथले परदेशी शिक्षक सामान विकून निघतात. अल दुहैलच्या एका कंपाउंडमधल्या अशाच बाईंकडे एक वर्षाचा बॉल पायथन होता. तिघं मिळून गेलो. नवरा गाडीतच बसला. त्या बाईंनी दार उघडलं आणि माझ्याशी हात मिळवून सरळ मुलीकडे वळल्या. अर्धा तास त्यांनी तिची मुलाखत घेतली. गरम बाजू किती अंशांवर ठेवशील, कात टाकताना काय करशील, सुट्टीत कोण बघेल. माझी मुलगी, जी घरी 'हं' आणि 'ओके' यापलीकडे जात नाही, ती धडाधडा बोलत होती. त्या बाईंनी तिला त्याच्या जेवणाची वही दाखवली. जन्मल्यापासून कधी काय खाल्लं, किती वजन भरलं, सगळं त्यात होतं. दोन वह्या शेजारी ठेवून दोघी हसत होत्या. मी सोफ्यावर बसून कोमट पाणी पीत होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

मग मी उठले. म्हटलं, मलाही कळतं यातलं, आणि पेटीत वरून हात घातला. त्या पिल्लाने फुस्स करून माझ्या मनगटावर तोंड आपटलं. लागलं काहीच नाही. पण मी किंचाळले, बांगडी पेटीच्या कडेवर आपटून फुटली आणि त्या बाई हसल्या. मुलगी चटकन म्हणाली की वरून हात घातला की त्यांना घार आल्यासारखं वाटतं, बाजूने घालायचा. तिने बाजूने हात घातला. पिल्लू तिच्या बोटांना गुंडाळलं, डोकं वर काढलं आणि जीभ लपलपवत तिच्याकडे बघत राहिलं. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी बघितलं होतं. बघितलं नव्हतं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

गाडीत मी जाहीर केलं की हा नको. नवऱ्याने आरशातून बघितलं. मुलगी म्हणाली, यू प्रॉमिस्ड. मी म्हटलं, चावरं जनावर घरात आणू म्हणून शब्द दिला नव्हता. ती म्हणाली, तो चावरा नाही, निरोगी आहे. मी म्हटलं, माझ्या अंगावर येणाऱ्याला मी घरात ठेवत नाही, मग तो कुणीही असो, आणि ज्याला पटत नाही त्याने आपलं घर बघावं. तेरा वर्षांच्या पोरीला. नवऱ्याने एसी वाढवला.

दुसऱ्याच शुक्रवारी मी तिला समैस्माला नेलं. ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीतून कळलं होतं की समुद्राकडच्या एका व्हिलात मालकाला कंटाळा आलेला अजगर आहे. तिथल्या केअरटेकरने आम्हाला मागच्या हॉलमध्ये नेलं. एसी इतका की माझे हात गार पडले. काचेच्या मोठ्या पेटीत दीड मीटरचा बर्मीज अजगर होता, पांढरा आणि हळदीसारखा पिवळा. इतकं देखणं जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी वरूनच हात घातला. तो हलला नाही. उचलला तर दोन्ही बाजूंनी ओल्या टॉवेलसारखा लोंबला. मी त्याला गळ्यात घातला आणि मुलीला म्हटलं, काढ फोटो.

केअरटेकर प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मॅडम, ये तो कुछ करता ही नहीं. खाता भी नहीं ठीक से." मला ती शिफारस वाटली. मुलीने जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे बघितलं, कान लावला आणि म्हणाली की याच्या श्वासाचा आवाज येतोय. शिवाय हा मोठेपणी आपल्या हॉलएवढा होईल, तेव्हा कुणाला तरी देऊन टाकावा लागेल. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. तिने एकदाच विचारलं, "आई, प्लीज, दुहैलवाला?" मी म्हटलं, हा किंवा काहीच नाही. तिने बराच वेळ त्या अजगराकडे बघितलं. मग म्हणाली, ओके. त्याला तिथे सोडवत नाही म्हणून ती ओके म्हणाली, हे मला ठाऊक होतं. तरी मी केअरटेकरचे अरबीत शुक्रन म्हणून आभार मानले आणि डिकी उघडायला सांगितली. माणसांचे कागद मी तीन-तीनदा तपासते. त्याचे कागद मी मागितलेसुद्धा नाहीत.

अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत त्याची पेटी लागली. तिने गरम दिवा लावला, लपायला खोकं केलं, खोलीचा एसी बंद करून स्वतः घामाघूम होऊन झोपायला लागली. मी येता-जाता एसी चालू करायचे, वीसवर, कारण तिच्या खोलीतल्या कपाटात माझ्या साड्या होत्या आणि त्यांना दमट हवा लागू द्यायची नव्हती. फ्रीझरमध्ये मटारांशेजारी गोठवलेले उंदीर आले. ती दर आठवड्याला एक कोमट करून चिमट्याने त्याच्यापुढे धरायची, तासभर धरायची, आणि शेवटी कचऱ्यात टाकायची. डॉक्टरकडे नेऊया असं ती जुलैत तीनदा म्हणाली. मी म्हटलं, अजगर महिनोन्महिने खात नाहीत, तुझ्याच वहीत आहे. ते निरोगी अजगराबद्दल आहे, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग तुझंच काहीतरी चुकत असेल, जनावराला माणूस ओळखता येतो. हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. तिचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटलं होतं, एवढं मात्र खरं आहे.

श्रावण लागला तसे मी उंदीर फ्रीझरमधून काढून टाकले. नाहीतरी तो खात नाही, त्यालाही उपास घडू दे, असं फोनवर बहिणीला सांगून मी हसले. त्या वर्षी मला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही गावी गेलो नव्हतो. ओळखीच्या चार मराठी बायकांना मी नागपंचमीला घरी बोलावलं होतं. इथे सगळ्याजणी पाटावर चंदनाचा नाग काढून पूजा करतात. माझ्याकडे खराखुरा होता. तो दूध प्यायला हवा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याच आठवड्यात मुलीला ताप आला. तिला हॉलमध्ये झोपवलं आणि मी म्हटलं, अजगराचं पाणी मी बघते, तू उठू नकोस. ती दर दोन तासांनी विचारायची, पाणी बदललंस ना. मी हो म्हणायचे. पाण्याचं भांडं मी पहिल्याच दिवशी पेटीतून काढून धुऊन ओट्याखाली ठेवलं होतं. चार दिवस ते तिथेच होतं. हे मी चुकून केलं नाही, विसरूनही नाही. दिवसातून दोनदा मी पेटीसमोर उभी राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी तो काचेला तोंड लावून कोपऱ्याकोपऱ्यात फिरला. तेवढंच काय ते त्याला हलताना मी पाहिलं.

पंचमीच्या दिवशी बायका आल्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मी पुरणाचे दिंड उकडले होते. अजगराला पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या, चांदीची वाटी पुढे केली. त्याने तोंड वाटीत बुडवलं आणि प्यायला. गळ्याचे स्नायू हलताना दिसत होते. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीने व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सांगलीला पोचला. सगळ्या म्हणाल्या, किती गुणी, किती शांत. मुलगी पांघरूण लपेटून दारात उभी होती. ती पेटीकडे बघत होती, पाटाकडे नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि पाण्याच्या नळाचा आवाज आला.

पाच दिवसांनी तो तोंड उघडं टाकून, मान वर करून श्वास घ्यायला लागला. नाकाशी फेस येत होता. मुलगी माझ्याशी बोलली नाही. वडिलांकडे गेली, आणि सापाला घाबरणारा तो माणूस, अजगर ठेवलेली पिशवी मांडीवर घेऊन, क्लिनिकपर्यंत मागच्या सीटवर बसला. गाडी मी चालवली.

डॉक्टर मध्यमवयीन, सावकाश इंग्रजी बोलणारे. त्यांनी एका पट्टीने त्याचं तोंड उघडलं. आत हिरड्यांवर पिवळा पू साकळला होता, ओठ चिकटले होते. फुप्फुसं भरली होती, अंगातलं पाणी आटलं होतं. बरेच महिने आजारी असणार, म्हणाले, आता वाचवण्यात अर्थ नाही, नुसता त्रास लांबेल. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, हा निवडला कुणी?

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मुलीने. तिच्या आवडीत आम्ही मध्ये पडत नाही."

इतकं सहज आलं ते तोंडातून. मस्कतला दिलेल्या शब्दातलंच वाक्य मी उचलून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती म्हणाली, येस, आय चोज हिम.

डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. पहिला साप घेताना लहान जातीचा घ्यायचा. तो खाताना बघायचा. डोळे, नाक, तोंड तपासायचं. हातात पकड घेतोय का बघायचं. गप्प पडलेला साप लोकांना गरीब वाटतो, पण बहुतेक वेळा तो मरायला टेकलेला असतो, म्हणाले. तिने चार महिने लिहिलेली वही ते ओळीने तिलाच वाचून दाखवत होते आणि ती मान हलवत ऐकत होती. मध्येच त्यांनी विचारलं, पाणी नेहमी होतं ना पेटीत? तिने क्षणभर थांबून हो म्हटलं. तिला ठाऊक होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. सगळं बोलून झाल्यावर तिने त्यांचे आभार मानले.

इंजेक्शन देताना जवळ थांबायचं का, असं त्यांनी विचारलं. मी बाहेर आले. नवराही आला. ती आत थांबली, एकटी, आणि बाहेर आली तेव्हा रिकामी पिशवी तिने नीट घडी करून हातात धरली होती.

त्यानंतर घरात फार शांतता आली. आधी ती शाळेच्या बुटांवरून भांडायची, ट्यूशनवरून भांडायची, माझ्या भाजीला नाक मुरडायची. आता सगळ्याला ओके. मी काढून ठेवलेला ड्रेस घालते. मी म्हटलं तेच विषय घेतले. ऑफिसातल्या पार्टीला नेलं तर दोन तास शेजारी बसून राहिली, आणि बायका म्हणाल्या, मुलगी असावी तर अशी. एक दिवस तिच्या खोलीसमोरून जाताना मी थबकले. एसी अठरावर होता आणि ती गादीवर पडून भिंतीकडे बघत होती. मी आत जाऊन तिचा हात उचलला. तिने तो तसाच उचलू दिला, बोटं मिटली नाहीत, आणि मी सोडल्यावर तो गादीवर पडला. मी एसी बंद केला.

आठवडाभर मी फोनवर शोधत होते. लुसैलकडच्या एका कुटुंबाकडे दोन वर्षांचा बॉल पायथन होता, नियमित खाणारा, जेवणाची वही ठेवलेला. मी त्यांच्याशी बोलून, कागद बघून, व्हिडिओत तो खाताना बघून ठेवला. शनिवारी सकाळी मी तिच्या खोलीत गेले आणि फोन तिच्यापुढे धरला. म्हटलं, या वेळी मी गाडीतूनसुद्धा उतरणार नाही, तू आणि बाबा जा, तू म्हणशील तोच, नको म्हणालीस तर नको. दुहैलला मी चुकले, असंही म्हणाले. समैस्माला चुकले. डॉक्टरपुढे खोटं बोलले. हे सगळं मी एका दमात म्हणाले, कारण थांबले असते तर म्हणाले नसते.

तिने व्हिडिओ पूर्ण बघितला. अजगराने उंदीर पकडला, गुंडाळला, हळूहळू गिळला. ती किंचित पुढे वाकली होती. मग तिने फोन पालथा करून माझ्याकडे दिला आणि मराठीत बोलली, सावकाश, मला नीट समजावं म्हणून.

"मला विचारू नकोस, आई. तू विचारलंस की मी हो म्हणते. समैस्माला म्हणाले, डॉक्टरांकडे म्हणाले. आत्ताही म्हणेन. मग तोही इथे येईल."

मी म्हटलं, मग तुला नक्की काय हवंय ते तरी सांग. ती विचार करत होती, खरंच करत होती, कपाळावर आठी घालून, एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखी. शेवटी तिने मान हलवली. काहीच आठवत नव्हतं.

मी तिथे उभी राहून काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की जेवायला काय करू.

"तू करशील ते," ती म्हणाली.